डायनोसॉर मराठीतही बोलू द्या



वाल्डॉर्फमधल्या आपल्या घरांत प्लॅस्टिकच्या डायनोसॉरांनी खोकी भरलेली असतात. सुट्टी मिळाली की गाडी फ्रँकफुर्टच्या झेंकेनबर्ग संग्रहालयाकडे वळते. जरूर जावे, तिथले सांगाडे पाहून मोठ्यांचेही तोंड उघडेच राहते. पण हा सारा खेळ चालतो जर्मनमध्ये, आणि मराठी उरते ती ‘हात धू, जेवायला ये’ एवढ्यापुरती. हे काही आम्हाला पटत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे डायनोसॉरची हाडे सापडली आणि (हसू नका बरं!) दगड झालेली विष्ठासुद्धा. तिच्यात गवताचे सूक्ष्म कण असल्याचे शास्त्रज्ञांनी २००५ साली जाहीर केले. गवत डायनोसॉर संपल्यावर आले, असाच तोवर सर्वसाधारण समज होता. त्या कणांत भाताच्या नातलगांचेही कण होते. म्हणजे आपल्या वरणभाताचे पूर्वज त्यांनी आधीच चाखले होते!

तेव्हा पुढच्या वर्गाला एकेक डायनोसॉर घेऊन या. माती आम्ही भिजवून ठेवू. ‘याने आज काय खाल्लं?’ असे पालकांनी विचारायचे. उत्तर मात्र मराठीतच हवे, चुकले तरी चालेल.