फडताळातील रसायन

अमुक रोगावर औषध सापडले, अशी वार्ता वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळते. ‘सापडले’ हा शब्द वाचून वाटते, की रानातून जाणाऱ्या वाटसरूला एखादी गुणकारी वनस्पती दिसावी, तसे औषध शास्त्रज्ञाच्या हाती अकस्मात येत असावे. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. प्रयोगशाळेत जन्माला येते ते केवळ एक रसायन. औषध ही पदवी त्याला परीक्षेनंतर मिळते, आणि ही परीक्षा इतकी कठोर असते, की बहुसंख्य रसायने तीत अनुत्तीर्णच होतात. लोक गौरव करतात तो शोधकाचा. परीक्षा घेणाऱ्याचे, आणि विशेषतः परीक्षेचा प्रतिकूल कौल निमूटपणे मान्य करणाऱ्याचे ऋण सहसा कोणी मानीत नाही. हा अन्याय आहे. ए. झेड. टी. नावाच्या औषधाचा इतिहास पाहिला, म्हणजे तो किती मोठा आहे हे ध्यानात येते.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी जेरोम हॉर्विट्झ नावाचे रसायनशास्त्रज्ञ कर्करोगावर संशोधन करीत असत. कर्करोगाच्या पेशी बेसुमार वाढतात. एका पेशीच्या दोन व्हावयाच्या, तर तिच्यातील डीएनए या द्रव्याची नवी प्रत तयार व्हावी लागते. डीएनए म्हणजे चार प्रकारच्या कड्यांची लांबच लांब साखळी. एका कडीच्या आकड्यात दुसरी कडी अडकते, दुसरीच्या आकड्यात तिसरी, आणि अशी साखळी वाढत जाते. यांपैकी एका कडीला थायमिडीन म्हणतात. हॉर्विट्झ यांनी मनाशी विचार केला, की हुबेहूब थायमिडीनसारखी दिसणारी, परंतु पुढचा आकडाच नसलेली खोटी कडी तयार केली तर? पेशी फसेल, ती कडी साखळीत ओवील, आणि पुढची कडी अडकविण्यास जागाच न उरल्यामुळे तिची वाढ खुंटेल. १९६४ साली ही खोटी कडी त्यांनी तयार केली. तीच ए. झेड. टी.

युक्ती खरोखर सुंदर होती. परंतु सुंदर युक्ती आणि खरी युक्ती यांत अंतर असते, आणि ते अंतर प्रयोगावाचून कळत नाही. रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना हे रसायन देण्यात आले. उंदीर बरे झाले नाहीत. कर्करोगाच्या पेशी त्या कडीला फसल्याच नाहीत.

अशा वेळी मनुष्याचा खरा कस लागतो. आपल्या हातून घडलेल्या वस्तूवर कोणाचेही प्रेम असते. उंदरांवर नाही, तरी माणसांवर कदाचित गुण येईल, असे म्हणून तिची भलावण करणे अवघड नव्हते. हॉर्विट्झ यांनी तसे केले नाही. रसायन बनविण्याची कृती त्यांनी १९६४ सालीच शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. उंदरांचा कौल मान्य करून ते दुसऱ्या कामास लागले आणि ए. झेड. टी. जणू फडताळात जाऊन पडले. १९७४ साली जर्मनीत व्होल्फ्राम ओस्टरटाग यांना असे दिसून आले, की उंदरांच्या पेशींत वाढणाऱ्या एका विषाणूस हे रसायन रोखते. पण त्या जातीच्या विषाणूंमुळे मनुष्यास एखादा रोग होतो, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. फडताळ पुन्हा मिटले.

१९८१ साली एड्स या रोगाची प्रथम नोंद झाली. शरीराची रोगाशी झुंजण्याची शक्तीच हा रोग हिरावून घेतो, आणि त्या काळी त्यावर कोणताही उपाय नव्हता. १९८३ साली पॅरिसमधील पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू हाती लागला. हा विषाणू शरीराच्या पेशीत शिरतो आणि तेथे स्वतःच्या डीएनएची साखळी विणतो. पुन्हा साखळी आली, म्हणजे खोट्या कडीची आठवण होणे ओघानेच आले. बरोज वेलकम या औषध कंपनीतील जॅनेट राइडआउट आणि त्यांचे सहकारी यांनी जुनी रसायने पुन्हा तपासावयास घेतली. १९८५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिरोआकी मित्सुया व सॅम्युएल ब्रोडर यांनी त्यांतील एक रसायन जिवंत विषाणूवर घालून पाहिले. विषाणूची वाढ थांबली! मनुष्याच्या पेशीची विणकर यंत्रणा जी खोटी कडी सहसा स्वीकारीत नाही, ती विषाणूची यंत्रणा मुकाट्याने स्वीकारते, असे आढळले. कर्करोगाच्या परीक्षेत जो अवगुण ठरला होता, तोच येथे गुण ठरला.

तरीही ते औषध झाले नव्हते. काचेच्या नळीत जे घडते, ते देहात घडेलच असे नाही. १९८६ साली २८२ रुग्णांवर चाचणी सुरू झाली. त्यांपैकी १४५ जणांना ए. झेड. टी. देण्यात आले, उरलेल्या १३७ जणांना दिसावयास तशीच, परंतु औषधाचा अंशही नसलेली कॅप्सूल मिळाली. कोणाला काय मिळत आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते आणि त्यांच्या डॉक्टरांनाही नव्हते. सप्टेंबरपर्यंत पहिल्या गटातील १ रुग्ण दगावला. दुसऱ्या गटातील १९ दगावले. इतका भेद दिसताच चाचणी थांबवून सर्वांना औषध देण्याचे ठरले.

ही रीत निर्दय नव्हे काय, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. ते १९ जीव आकड्यांत दडवून टाकण्याजोगे नाहीत. परंतु दुसरी बाजूही पाहावी. या औषधाने पुष्कळ रुग्णांचे रक्त इतके घटले, की त्यांना दुसऱ्याचे रक्त द्यावे लागले. हे रसायन तारते की मारते, हे तुलनेवाचून सांगणार कोण? सर्वांनाच ते दिले असते, तर बरे झालेल्यांचे श्रेय आणि दगावलेल्यांचा दोष कोणाच्या पदरी घालावा, हे कधीच कळले नसते. संशयाच्या अंधारात हजारोंना औषध पाजणे हे दयेचे रूप घेतलेले क्रौर्यच होय. भेद कळताच क्षणाचाही विलंब न लावणे, हे मात्र परीक्षकाचे आद्य कर्तव्य आहे.

मार्च १९८७ मध्ये ए. झेड. टी. ला मान्यता मिळाली. एड्सवरील ते पहिले औषध. पुढे असे दिसले, की विषाणू आपले रूप पालटून एकट्या औषधाला दाद देईनासा होतो. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची रीत रूढ झाली, तेव्हा कोठे रुग्णांना दीर्घ आयुष्याची आशा धरता आली. दरम्यान १९९४ साली आणखी एका चाचणीने दाखविले, की ए. झेड. टी. मुळे मातेकडून बालकाकडे जाणारा संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटतो.

हॉर्विट्झ यांना या औषधापासून धन मिळाले नाही. आपल्या रसायनाचे पेटंट त्यांनी घेतलेच नव्हते. निरुपयोगी ठरलेल्या वस्तूचे पेटंट घेतो कोण? परंतु त्यांच्या फडताळात आणखी एक खोटी कडी होती. १९६६ साली बनविलेले ते रसायन पुढे स्टॅव्ह्युडीन या नावाने एड्सवर उपयोगी पडले. तीन औषधांच्या उपचारास वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असता, २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो ३५० डॉलरांत देऊ केला. तिने एका गोळीत जी तीन औषधे एकत्र केली, त्यांपैकी एक हेच स्टॅव्ह्युडीन होते. आफ्रिकेतील असंख्य गरीब रुग्णांना अशा स्वस्त औषधांनी जीवदान दिले.

परीक्षा तेथेही संपली नाही. वर्षानुवर्षे स्टॅव्ह्युडीन घेणाऱ्यांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते, असे नोंदींवरून आढळून आले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर क्रमाक्रमाने बंद करण्याचा सल्ला दिला, आणि त्याची जागा अधिक निर्धोक औषधांनी घेतली.