दोन सामन्यांचा मोसम

माझा भाचा वाकडच्या आमच्या घरी राहून इंजिनिअरिंग करतो. शेवटचं वर्ष. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. जुलैपासून पोरं पहाटे साडेपाचला उठून चिखलात सराव करत होती. आमच्या बाल्कनीत रोज लाल मातीनं माखलेले बूट! बायकोनं सुरुवातीला कुरकूर केली, मग त्यांच्यासाठी वेगळी जुनी बादलीच ठेवली.

आणि मोसम किती? दोन सामने. पहिला टायब्रेकरवर जिंकले, दुसरा १-० ने हरले. संपलं! अडीच महिने सराव आणि १४० मिनिटांचा खेळ. भाचा म्हणाला, "मामा, आता पुढच्या वर्षी." मग त्याच्याच लक्षात आलं, त्याला पुढचं वर्ष नाही.

मला राग हरण्याचा नाही. राग आहे तो या बाद पद्धतीचा. साधं गणित करा. १६ संघ असतील तर बाद पद्धतीत एकूण सामने होतात १५, आणि ८ संघ एकच सामना खेळून घरी जातात. म्हणजे ज्यांना खेळण्याची सर्वात जास्त गरज, तेच सर्वात कमी खेळतात. याला स्पर्धा म्हणायचं की चाळणी?

वर आपणच म्हणतो, "आजकालच्या मुलांना मैदान नको, मोबाईल हवा." खोटं आहे हो हे. वाकड-ताथवडे-हिंजवडी पट्ट्यात रात्री अकराला टर्फवर जाऊन बघा. पोरं वर्गणी काढून, तासाचे पैसे भरून खेळतात. पण जाळीतल्या त्या हिरव्या गालिच्यावर पाच-पाच जणांचा खेळ होतो. अकरा जणांचा फुटबॉल शिकायला शंभर मीटरचं मैदान लागतं, आणि ते आमच्याकडे बिल्डरांच्या फलकावरच्या चित्रात तेवढं असतं.

गंमत म्हणजे मुळा ओलांडली की पलीकडे बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं एवढं मोठं क्रीडासंकुल. तिथं काय काय होऊन गेलं! २००७ मध्ये निघालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. भारत एफसी २०१५ मध्ये एकच मोसम दिसला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर राष्ट्रीय लीगमध्ये दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ आयएसएलमध्ये खेळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. चौघांपैकी आज एकही राष्ट्रीय लीगमध्ये नाही. पैशांची कारणं असतीलच, पण माझ्या मते मुळात पायाच नव्हता. कळस आधी चढवला! ज्या गावात कॉलेजचा संघ वर्षाला दोन सामने खेळतो, तिथं संघावर जीव टाकणारा प्रेक्षक कुठून येणार?

उलट कोल्हापूर बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार.. तालमींचे संघ, पेठेपेठेची ईर्षा, आणि शाहू स्टेडियमवर गर्दी. कारण तिथं लीग आहे. हरलात तरी पुढचा सामना असतो! त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. हे काय उगाच?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. या पट्ट्यातली आठ कॉलेजं एकत्र यावीत. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळावं. २८ सामने, प्रत्येक संघाला हमखास सात. दर रविवारी दोन घेतले तर १४ रविवार. "परीक्षा असतात, सबमिशन असतं" म्हणतील. मग परीक्षेचे रविवार सोडा, दोन सत्रांत वाटा. "पैसे कुठून आणायचे?" म्हणतील. गॅदरिंगच्या डीजेला कुठून येतात? मैदानाची अडचण मात्र खरी आहे, ते मी मान्य करतो. पण आठ जणांनी मिळून मागितलं तर मिळण्याची शक्यता तरी आहे. एकेकट्यानं मागून आजवर काय मिळालं?

असो. काल भाच्यानं जर्सी धुवून दोरीवर वाळत घातली. कॉलेजला परत द्यायची असते म्हणे. बुटांची बादली अजून बाल्कनीतच आहे. बायको म्हणाली, "राहू दे, येत्या रविवारी टर्फवर तरी जाईल."