‘ला पालिना’ : झाकणावर लिहिलेले आणि न लिहिलेले

थ्रेड.

लाकडी पेटी, झाकणावर स्पॅनिश थाटाच्या पेहरावातील एक तरुण स्त्री आणि सोबत स्थापनेचे साल : १८९६. ‘ला पालिना’ या अमेरिकी सिगारची पेटी पाहणाऱ्याला वाटावे, की सव्वाशे वर्षे अखंड चालत आलेला एखादा कारखाना आजही धडधडतो आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. मधली कित्येक दशके हे नाव विस्मरणात गेले होते. २०१० मध्ये ते पुन्हा बाजारात आणले गेले.

अशा पुनरुज्जीवित ‘वारसा’ ब्रँडांची सध्या चलती आहे. घड्याळे, मोटारसायकली, साबण, सिगार. माझे म्हणणे असे, की ही पेटी आपल्याला एका घराण्याची वंशावळ देते. इतिहास मात्र तिच्याबाहेर जाऊन शोधावा लागतो. आणि तो सापडतो अगदी अनपेक्षित ठिकाणी.

आरंभापासून पाहू. सॅम्युएल पेली हा कीव्ह परिसरातून अमेरिकेत आलेला ज्यू स्थलांतरित. कुटुंब शिकागोत स्थिरावले, तो तंबाखूच्या धंद्यात शिरला आणि १८९६ मध्ये त्याने ‘काँग्रेस सिगार कंपनी’ काढली. ‘ला पालिना’ हे नाव ‘पेली’ या आडनावालाच दिलेले स्पॅनिश वळण. झाकणावरची स्त्री म्हणजे त्याची पत्नी, गोल्डी ड्रेल पेली. युक्रेनी ज्यू घरातील गृहिणीला स्पॅनिश सुंदरी का व्हावे लागले? कारण त्या काळी उत्तम सिगार म्हणजे हवाना, असे समीकरण ग्राहकाच्या मनात पक्के होते. म्हणजे ज्याला आज आपण वारसा म्हणून कुरवाळतो, ते चित्र त्याच्या जन्माच्या दिवशीसुद्धा एक वेषांतरच होते! बाहेरचे पान तर क्यूबाचेही नव्हते. ते जावाचे होते आणि जुन्या जाहिरातींत हे अभिमानाने छापलेले असे.

(जाता जाता : आपण ज्याला ‘चिरूट’ म्हणतो, तो शब्द तमिळमधला, ‘गुंडाळणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. इंग्रजांनीही तो तिकडूनच उचलला.)

पुढचा टप्पा ब्रँडच्या पुस्तिकांत सहसा घाईने उरकला जातो. १९१९ च्या सुमारास शिकागोतील सिगार कामगारांनी संप केला आणि पेलींनी आपला मुक्काम फिलाडेल्फियाकडे हलवला. संपाचे लोण तेथेही पोहोचले. वडील-काका शिकागोत अडकलेले, तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा विल्यम याने नव्या कारखान्याची बाजू सांभाळली. या प्रसंगातून विल्यमचे नाव आपल्यापर्यंत आले. पाने वळणाऱ्या कामगारांपैकी एकाचेही आले नाही. नव्या पेट्यांवर आजी आहे, आजोबा आहेत. संप कोठेही नाही.

आता रेडिओ. माझ्या मते ‘ला पालिना’ची खरी कथा येथे सुरू होते.

१९२० च्या दशकात सिगारेटने सिगारचा बाजार खाण्यास सुरुवात केली होती. अशा वेळी विल्यमने फिलाडेल्फियाच्या ‘डब्ल्यूसीएयू’ या केंद्रावर ‘ला पालिना अवर’ हा कार्यक्रम पुरस्कृत केला. तो स्वतः सांगत असे, की काकांना हा खर्च उधळपट्टी वाटला आणि त्यांनी कार्यक्रम बंद केला. मग लोक वडिलांना विचारू लागले, ‘ला पालिना अवर’ गेला कोठे? वर्तमानपत्रांत लाखो डॉलर ओतूनही कोणी कधी जाहिरातीची विचारपूस केली नव्हती. कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. पुढे ‘ला पालिना स्मोकर’ आला. त्यात पुरुषांच्या धूम्रपान-मैफलीत एकटीच ‘मिस ला पालिना’ असे. ‘बिनाका गीतमाला’च्या आठवणी घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल : जाहिरातदाराचे नाव कार्यक्रमाच्या नावातच गुंफायचे.

रेडिओमुळे खप दिवसाला चार लाखांवरून दहा लाख सिगारवर गेला, असे सर्वत्र वाचायला मिळते. मित्रहो, हा आकडा घेताना एक प्रश्न जरूर विचारा : तो लोकप्रिय होण्यात कोणाचा लाभ होता? जो पुढे आयुष्यभर रेडिओवरील वेळ विकणार होता, त्याच्यासाठी याहून सोयीची आख्यायिका कोणती?

कारण १९२६ मध्ये कंपनीचा ताबा ‘पोर्टो रिकन-अमेरिकन टोबॅको कंपनी’कडे गेला, पेली कुटुंबाच्या हाती पैसा आला, आणि सप्टेंबर १९२८ मध्ये, सत्ताविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, विल्यम पेली एका डबघाईला आलेल्या छोट्या रेडिओ-जाळ्याचा अध्यक्ष झाला. त्या जाळ्याचे नाव सीबीएस.

तंबाखूच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या संस्थेची तंबाखूशी गाठ पुढेही सुटली नाही. तिचा सर्वांत नावाजलेला पत्रकार एडवर्ड मरो पडद्यावर सिगारेट धरूनच दिसे. त्याच्याच ‘सी इट नाऊ’ने १९५५ मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग या विषयावर कार्यक्रम केला; मरो स्वतः १९६५ मध्ये त्याच रोगाने गेला. जानेवारी १९७१ मध्ये अमेरिकेत रेडिओ-दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती कायद्याने बंद झाल्या. आणि १९८६ मध्ये सीबीएसची सूत्रे ज्या लॉरेन्स टिश यांच्याकडे गेली, त्यांच्या ‘लोज’ समूहाकडे लॉरिलार्ड ही सिगारेट कंपनी होती! कादंबरीत असे घडले असते तर आपण लेखकाला हसलो असतो.

आता २०१०. विल्यम पेलींचे चिरंजीव बिल पेली यांनी आजोबांचे नाव पुन्हा आणले. पहिली ‘फॅमिली सिरीज’ बहामातील नासाऊच्या ग्रेक्लिफमध्ये वळली गेली. तिच्या आकारांना ‘बेब’, ‘अ‍ॅलिसन’, ‘लिटल बिल’ अशी घरातील नावे. मग होंडुरासमध्ये तयार झालेली ‘एल डियारियो’. २०१२ पासून मियामीच्या काये ओचो रस्त्यावरील एका छोट्या कारखान्यातली, मोजक्या संख्येने निघणारी ‘गोल्डी’. पुढे ‘मिस्टर सॅम’. जाणकार या सिगारांची कारागिरी वाखाणतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परंतु जुळवून पाहा. शिकागो नाही, फिलाडेल्फिया नाही. जुना कारखाना आणि तेथील हात नाहीत. मूळ ‘ला पालिना’ दिवसाला लाखोंनी खपणारा, सामान्य अमेरिकी नोकरदाराच्या खिशातला माल होता. नवी ‘ला पालिना’ ही शौकिनांची महागडी चीज आहे. राहिले काय? नाव, चित्र आणि नातवंडांचा हक्क. एका नातवाला आजीचे चित्र पुन्हा छापावेसे वाटणे मला मनापासून समजते. मात्र १८९६ हा आकडा त्या मालाच्या वयाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, तेव्हा अभ्यासकाने थांबून मधल्या वर्षांचा हिशेब मागावा.

त्या चित्राविषयी एक गोष्ट पेटीवर सापडत नाही. गोल्डी पेली यांनी उतारवयात स्वतः कुंचला हाती घेतला आणि चित्रे काढली. फिलाडेल्फियाच्या मूर कला महाविद्यालयातील एका दालनाला त्यांचे नाव आहे.