मध काट्यावर घ्या, बाटलीवर नको

हिंगोलीच्या बाजारात हळद कुणी डब्याने मोजून घेत नाही. पोती काट्यावर चढतात, ओलावा पाहिला जातो, मग क्विंटलचा भाव ठरतो. रानातल्या आग्या मोहोळाचा मध मात्र अजूनही जुन्या बाटलीतून नाहीतर रिकाम्या डब्यातून विकला जातो आणि ‘बाटली म्हणजे किलो’ असा हिशेब दोन्ही बाजू विनातक्रार मान्य करतात. हा हिशेब पाण्याला लागू आहे, मधाला नाही. एक लिटर चांगला मध सुमारे १.४ किलो भरतो, म्हणजे एक किलो मधाला जागा लागते जेमतेम ७१५ मिलिलिटरची. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ९१० ग्रॅम मध बसतो, ७५० च्या बाटलीत १,०५० ग्रॅम आणि लिटरच्या पाण्याच्या बाटलीत १,४०० ग्रॅम. तिन्हींना बाजारात नाव एकच, बाटली. पहिलीत गिऱ्हाईक थोडं नागवलं जातं, तिसरीत विकणारा चांगलाच. घाऊक व्यवहारात तर फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा मधाने काठोकाठ भरला तर त्यात २३ किलोंच्या आसपास मध असतो. तो ‘१५ किलोचा डबा’ म्हणून दिला की आठ किलो मध फुकट गेला. ४०० रुपये किलो धरले तरी ३,२०० रुपये झाले, आणि तेही मोहोळाच्या झाडावर चढणाऱ्याच्या खिशातले.

यावर जाणकार म्हणतील की १.४ हा आकडा तरी कुठे पक्का आहे? खरं आहे. मधात १७ टक्के पाणी असेल तर घनता १.४२ च्या घरात जाते, २५ टक्के असेल तर १.३७ पर्यंत उतरते. उन्हाळ्यात मध थोडा फुगतो, पण त्याने फार तर एखाद-दीड टक्का इकडेतिकडे. म्हणजे ढोबळ गुणक वापरून होणारी चूक तीन-चार टक्क्यांची, आणि गुणकच न वापरता होणारी चूक चाळीस टक्क्यांची. तरीही गुणकापेक्षा काटा बरा, कारण वजनाला ना तापमान आडवं येतं ना बाटलीचा आकार. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांतही घट्ट, चिकट पदार्थांचं परिमाण वजनात सांगायचं, असंच तत्त्व आहे. सुट्या मधाला वेगळा न्याय लावण्याचं कारण दिसत नाही.

गरीब विक्रेत्याने काटा आणायचा कुठून, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. पण आठवडी बाजारात भाजीवाल्याकडेही काटा असतो. रिकामी बाटली आधी तोलायची, भरलेली नंतर, आणि वजाबाकी करायची. एवढं केलं की आणखी एक गोष्ट हाती लागते. खुणेपर्यंत भरलेल्या लिटरच्या बाटलीतला मध १,३५० ग्रॅमही भरत नसेल, तर त्यात पाणी जास्त आहे. अन्नसुरक्षा मानकांतही मधाची किमान सापेक्ष घनता १.३५ आहे. असा पातळ मध आंबायला वेळ लागत नाही. अर्थात साखरेचा दाट पाक या परीक्षेत सहज पास होतो. त्याला प्रयोगशाळाच हवी.