रकाना कोणी भरावा?

ज्या बँकेने शेतकऱ्याला कर्ज दिले, तिच्या दप्तरी खातेक्रमांक, मुद्दल आणि थकबाकी यांची नोंद असतेच. असे असूनही २०१७ साली महाराष्ट्र शासनाने कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा संकेतस्थळावरील अर्ज शेतकऱ्याने स्वतः भरावा अशी अट घातली. ऐन खरिपात हातातली कामे टाकून शेतकरी सेवा केंद्रांसमोर रांगा लावून उभे राहिले.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत हा क्रम उलटला. दोन लाख रुपयांपर्यंतच्या थकित कर्जाची माहिती बँकांनीच पुरवली. याद्या लागल्या. शेतकऱ्याने आपला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रावर जावे, आधी भरून आलेली रक्कम पाहावी आणि मान्य असल्यास आधारद्वारे ओळख पटवावी, एवढेच उरले. रक्कम अमान्य असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागण्याची सोय होती.

हा फरक केवळ तांत्रिक सोयीचा नाही. कोरा रकाना पुराव्याचा बोजा नागरिकाच्या शिरावर टाकतो. भरलेला रकाना तो शासनाकडे परत नेतो. पगारदाराच्या प्राप्तिकर विवरणपत्रात वेतन, कापलेला कर व बँकेचे व्याज आज आधीच भरून येते. निराधार वृद्धेने मात्र तहसील कार्यालयाचाच उत्पन्नाचा दाखला मिळवून तो त्याच कार्यालयातील अर्जाला जोडावयाचा, ही रीत रुळलेली आहे. ज्याला सवड आहे त्याचे श्रम वाचावेत आणि जिची मजुरी बुडते तिने खेटे घालावेत, याला न्याय म्हणता येत नाही.

तथापि भरलेल्या रकान्यातही धोका आहे. मूळ नोंदीतील चूक एका दप्तरातून दुसऱ्यात निमूटपणे उतरते, आणि तिच्याखाली अंगठा उमटला की ती शेतकऱ्याची कबुली ठरते. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावयास हवा. भरलेला मजकूर अंगठ्यापूर्वी मराठीत वाचून दाखवला जावा. माहिती कोणत्या दप्तरातून आली, हे रकान्याशेजारी लिहिलेले असावे. आणि दुरुस्ती केवळ अर्जात न होता मूळ नोंदीतही व्हावी.

शासनाला जे ठाऊक आहे, ते त्याने गरिबाला पुन्हा विचारू नये. आणि ठाऊक आहे असे त्याला जे वाटते, ते गरिबाला विचारल्यावाचून खरे मानू नये.