कानावरून गेलेले

एखादे विधान खरे की खोटे हे माणूस पुरावा पाहून ठरवतो, ही लोकशाहीने स्वतःची करून घेतलेली सोयीची समजूत आहे. ते विधान पूर्वी किती वेळा कानावरून गेले आहे, यावरच पुष्कळदा निकाल लागतो. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टाइन व टॉपिनो या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विधाने जोखायला सांगितली, तेव्हा पुन्हा पुन्हा आलेली विधाने, मग ती खोटी का असेनात, अधिक खरी वाटत गेली. ओळखीचे वाक्य मनाला पेलायला सोपे जाते आणि त्या सोपेपणालाच मन खरेपणा समजते. या प्रवृत्तीला ‘सत्याभास’ म्हणता येईल.

त्याचे भीषण रूप महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात पाहिले. रविवारच्या आठवडे बाजारात भिक्षा मागायला आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ‘मुले पळवणारी टोळी’ ठरवले आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारले. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर हाच मजकूर गावोगाव फिरत होता. बोकडाला कुत्रा म्हणत ब्राह्मणाला फसवणाऱ्या ठगांची गोष्ट इथे अपुरी पडते, कारण ठगांना आपण खोटे बोलतो आहोत हे ठाऊक होते. इथे संदेश पुढे धाडणाऱ्या बहुतेकांना शेजाऱ्याच्या लेकरांची खरीखुरी काळजी असावी. लबाडाची गरज पहिल्या वेळेपुरतीच असते, पुढचे काम भाबडी माणसे करतात.

सारा दोष मोबाइलच्या माथी मारणे मात्र वृत्तपत्रांना शोभणारे नाही. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कायद्यातून पुसला गेला, तरी चोरीच्या बातमीत आरोपीची जात-जमात आवर्जून छापण्याची खोड राहिली, आणि पालावरचा अनोळखी माणूस म्हणजे संशयित हे समीकरण त्यातूनही पक्के होत गेले. अफवेचे खंडन करतानाही मथळ्यात ‘मुले पळवणारी टोळी’ ठळक आणि ‘अफवा’ हा शब्द शेवटी येतो. घाईतला वाचक पहिले तीन शब्दच घरी नेतो. तालुक्यात एकही मूल पळवले गेले नसल्याची पोलिसांकडून खात्री झाली असेल, तर मथळा त्याच वाक्याचा हवा, आणि अफवेचे शब्द आतल्या मजकुरात, एकदाच.