शाळा बंद होती, एवढं तरी म्हणा

कल्याण स्टेशनजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात मी स्क्रीनगार्ड बदलून घ्यायला उभी होते. शेजारच्या गिऱ्हाइकाने ३५० रुपयांचं कव्हर निवडलं आणि घासाघीस करून २० टक्के सूट मिळवली. काउंटरवरच्या पोराने हिशोबासाठी कॅल्क्युलेटर उघडला. "अरे, साडेतीनशेचे वीस टक्के काढायला कॅल्क्युलेटर? कोरोना बॅच वाटतं!" दुकानात सगळे हसले. पोरगाही हसला. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तो ओशाळून म्हणाला, "नमस्ते मॅडम."

तो माझाच विद्यार्थी. दहावी, २०२१. गणित मीच शिकवलं. म्हणजे, कागदावर तरी तसं आहे.

मी तिथे गप्प बसले. स्क्रीनगार्ड लावून घेतलं, पैसे दिले, रिक्षाच्या रांगेत जाऊन उभी राहिले. घरी पोचेपर्यंत स्वतःचाच राग येत होता. त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते आता लिहितेय.

तुम्ही हे मोबाईलवर वाचत असाल. तुमच्यातले बरेच जण २०२०-२१ मध्ये शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात असाल. म्हणजे 'कोरोना बॅच' हा टोमणा तुम्ही ऐकलेला आहे. त्याचा एक जोडीदारही आहे, तो आम्हा शिक्षकांसाठी: 'दोन वर्षं घरी बसून पगार खाल्ला.' मुलं न शिकता पास झाली, मास्तर न शिकवता पगार घेऊन गेले, असा एकूण हिशोब. माझं म्हणणं असं की हे दोन्ही टोमणे चुकीच्या माणसांना मारले जातायत. खरी गोष्ट याहून वाईट आहे आणि त्यात मीही आहे.

आधी 'घरी बसून' या शब्दांबद्दल. आमचं घर कल्याण पूर्वेला, दोन खोल्यांचं. माणसं चार: मी, नवरा, सासूबाई आणि तेव्हा दुसरीत गेलेली मुलगी. जून २०२० पासून माझी शाळा स्वयंपाकघरात भरायला लागली. तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवायचा, कपाटाच्या दाराला काळा रंग मारला होता त्यावर लिहायचं. पहिल्या तासाला वर्गसमीकरण सांगताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या." रोजचा दीड जीबी डेटा दुपारी दोनला संपायचा, दुसरा पॅक माझ्या खिशातून. नवरा औषधांच्या एका वितरकाकडे कामाला. लोकल सामान्य माणसांसाठी बंद, तो रोज मोटरसायकलने मुलुंडला जायचा. सासूबाईंना मधुमेह, त्यामुळे बाहेरून येणारा प्रत्येक माणूस घरात शत्रूसारखा. त्यात मी.

कारण मी फक्त घरी बसले नव्हते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि एका कार्यालयाकडून आलेल्या यादीत माझं नाव निघालं. आदेश व्हॉट्सअॅपवर, खाली सही नाही. हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन चाळींमधून दिवसाला पन्नासेक घरं. घरी आल्यावर कपडे दाराबाहेरच्या बादलीत आणि मुलगी दोन हात लांब. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावू नयेत असं म्हटलंय, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण हे अपवाद आहेत. त्यामुळे कायद्याने हे काम लावता येत होतं, आणि मी ते केलं. तेव्हा आम्हाला सावित्रीबाईंची आठवण करून द्यायचे. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, १० मार्चला. पहिली शिक्षिका होती ना तुमची, मग तुम्हाला काय झालं?

मला काहीच झालं नव्हतं. तक्रार त्या फिरण्याची नाहीच. तक्रार अशी आहे की सकाळी दहा ते एक मी ज्या चाळींमध्ये लोकांचा ताप मोजत होते, त्याच दहा ते एकच्या रकान्यात 'ऑनलाइन तासिका घेतल्या: ३' अशी नोंद व्हायची. ती नोंद मीच करायचे. दोन्ही ठिकाणी मीच हजर. सावित्रीबाईंना असा तक्ता कोणी भरायला लावला नव्हता.

इथून माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. त्या दीड वर्षात आम्ही मरमर राबलो, पण त्यातला मोठा भाग शिकवण्याचा नव्हता, शिकवल्याचा पुरावा तयार करण्याचा होता. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची अभ्यासमाला यायची, तिचं घोषवाक्य 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. धीर देणारं वाक्य होतं, हेतूही चांगला होता. पण खाली येता येता त्याचा हुकूम झाला: शिक्षण आहे म्हणजे आहेच, दाखवा. मग रोज लिंक. किती मुलं जोडली, किती व्हिडिओ पाठवले, किती जणांनी स्वाध्याय सोडवला. तासाचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा. चौकोनात बारा चेहरे, बाकी काळे. त्या काळ्या चौकोनांच्या मागे मूल आहे, झोपलंय की भाजीची गाडी ढकलतंय, हे विचारणारा रकाना लिंकमध्ये नव्हता.

हजेरी क्रमांक ३१ ची गोष्ट सांगते. वडील रिक्षा चालवायचे. घरात फोन एकच, तो दिवसभर त्यांच्याबरोबर. रात्री साडेनऊला हा मुलगा मेसेज करायचा, "प्रेझेंट मॅडम." सकाळचा तास केव्हाच होऊन गेलेला असायचा, तरी मी त्याची हजेरी लावायचे. ऑक्टोबरमध्ये मेसेज बंद झाले. मी पाठवलेल्या गृहपाठाला एकच टिक. चार दिवसांनी शेजारच्या मुलाकडून कळलं, घरभाडं थकलं होतं, सगळे जालन्याकडे गावी गेले. त्या आठवड्याच्या लिंकमध्ये प्रश्न होता: शिक्षणापासून वंचित विद्यार्थी किती? मी 'एक' लिहिलं. संध्याकाळी वरून फोन आला, की बाकी सगळ्यांनी शून्य भरलंय, तुमच्या एकामुळे पूर्ण तक्ता बिघडतोय, 'संपर्कात' लिहा ना. मी 'संपर्कात' लिहिलं. फोन करणारा माणूस दुष्ट नव्हता, त्यालाही त्याच्या वरून फोन आला असणार. पण लिहिणारा हात माझा होता.

आता दहावीचा निकाल. एप्रिल २०२१ मध्ये परीक्षा रद्द झाली. ठरलेलं सूत्र असं: नववीच्या निकालावरून ५० गुण, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि गृहपाठ, तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे २०. आता जरा मागे जा. हीच मुलं नववीत होती २०१९-२० मध्ये, आणि मार्चमध्ये शाळा बंद झाल्यामुळे त्यांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नव्हती. म्हणजे अर्धे गुण अर्ध्या वर्षाच्या जिवावर आणि उरलेले अर्धे काळ्या चौकोनांच्या जिवावर. १६ जुलै २०२१ ला निकाल लागला: ९९.९५ टक्के. आदल्या वर्षी तो ९५.३० होता. ३१ नंबरला मी वीसपैकी पंधरा दिले. कसली तोंडी, कसलं प्रात्यक्षिक? तो पास झाला. त्याची गुणपत्रिका बरेच महिने कार्यालयाच्या कपाटात पडून होती, न्यायला कोणी आलं नाही.

तर हे ९९.९५ कोणी तयार केले? मुलांनी नाही. त्यांनी फक्त ते घेतले. पुढे त्यांनाच ते चिकटले. ऑगस्ट २०२१ मध्ये तमिळनाडूत एका बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत चक्क छापलं होतं की २०२१ ला उत्तीर्ण झालेल्यांनी येऊ नये. बोंब झाल्यावर बँकेने ती छपाईची चूक असल्याचं सांगून दुरुस्ती केली. जाहिरात दुरुस्त झाली. टोमणा अजून चालू आहे, माझ्यासमोर मोबाईलच्या दुकानात ऐकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

यावर मला नेहमी विचारलं जातं, "मग करायचं काय होतं? माणसं मरत होती. शाळा उघडायच्या होत्या का?" नाही. घरोघर फिरून ऑक्सिमीटरवरचे आकडे पाहिलेत मी, हा प्रश्न मला विचारू नका. शाळा बंद ठेवणं भाग होतं. मग ती बंद आहे असं म्हणायचं होतं, एवढंच.

कल्याणकरांना सोपं उदाहरण देते. जुना पत्रीपूल धोकादायक झाला म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला. नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षं आपण त्या कोंडीत तासन् तास घालवले, शिव्या दिल्या, मोर्चे काढले. पण पूल नाही हे नेत्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना मान्य होतं. 'पूल बंद, पण पूल आहे' अशी पाटी कोणी लावली नाही. म्हणून तर नवा बांधावा लागला.

शाळेचं नेमकं उलटं झालं. जुलै २०२० मध्ये अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला. म्हणजे उरलेला ७५ टक्के शिकवून झाला असं धरून चालायचं. जुलै २०२१ मध्ये मागचं भरून काढायला ४५ दिवसांचा 'सेतू अभ्यासक्रम' आला. सेतू म्हणजे पूल! पण शाळा अजून बंदच होत्या, त्यामुळे तो पूलही पीडीएफमधून मोबाईलवर आला. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता म्हणून ते मागे राहिले, त्यांच्यासाठीचा पूल मोबाईलवर. शहरात आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, आणि आम्ही लगेच त्या वर्षाचा पहिला धडा उघडला. मागे वळून बघायला वेळ नव्हता, कारण कागदोपत्री मागे काही राहिलंच नव्हतं.

हे फक्त माझ्या शाळेतलं दुखणं नाही. 'असर' या सर्वेक्षणाने सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात फोनवरून विचारपूस केली. शाळेत नाव असलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन होता, पण त्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्याससाहित्य मिळालेली मुलं जेमतेम एक तृतीयांश होती. फोन घरात असणं आणि शिक्षण घरात पोचणं यांत एवढं अंतर होतं. ज्या शिक्षकांनी हे अंतर मान्य केलं, त्यांनी गावात पारावर, देवळाच्या ओट्यावर पाच-पाच मुलं लांब बसवून शिकवलं. शाळा बंद आहे हे कबूल केल्यावर पार सुचतो. लिंक भरली की काहीच सुचावं लागत नाही.

माझ्या घरातलंच सांगते. मी तांदळाच्या डब्यासमोर बेचाळीस मुलांना शिकवत असताना माझी मुलगी बाहेरच्या खोलीत आजीच्या जुन्या फोनवर 'शाळेत' होती. हातच्याची वजाबाकी तेव्हाच शिकवली गेली. पाचवीत गेल्यावरही ती अडायची. मी एकदा वैतागून विचारलं, "दुसरीत शिकवलं नव्हतं का?" ती म्हणाली, "शिकवलं होतं. पण आवाज येत नव्हता." गणिताच्या शिक्षिकेच्या घरात ही गत. तिला मी नंतर बसवून शिकवलं. ३१ नंबरला कोणी बसवलं असेल?

म्हणून मागणं साधं आहे. त्या वर्षांचे हजेरीपट पुन्हा उघडा. 'संपर्कात' लिहिलेल्यांपैकी किती जण नंतर वर्गात परत आले, ते मोजा. जे अजून शाळेत आहेत त्यांना त्या वर्षांचं गणित आणि वाचन पुन्हा शिकवा, खडूने, समोर बसवून, परीक्षा न घेता. जे बाहेर पडले त्यांच्यासाठी संध्याकाळी वर्ग भरवा, रिकाम्या वर्गखोल्या गावोगाव आहेत. आणि रोजची लिंक बंद करा. साथ गेली तरी ती गेलेली नाही. आजही फळ्यापुढे उभं राहण्याआधी फोटो काढावा लागतो.

तुमच्यापैकी कोणाला 'कोरोना बॅच' म्हणून हिणवलं, तर हसून सोडून देऊ नका. सांगा, की आमची शाळा बंद होती आणि ती बंद होती असं कोणी लिहून ठेवलं नाही. शिक्षकांचं नाव घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. फक्त पगार खाल्ला म्हणू नका. खोटी हजेरी लावली म्हणा, ते खरं आहे.

गेल्या आठवड्यात मी त्या दुकानात परत गेले. स्क्रीनगार्ड शाबूत होतं, काम काहीच नव्हतं. त्या मुलाला म्हटलं, रविवारी सकाळी घरी ये, शेकडेवारी आणि व्याज एवढं दोन-तीन रविवारांत होईल. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मालक ऐकत नाही ना ते. मग हळूच विचारलं, "ऑनलाइन नाही ना, मॅडम?"

तो आला. एका मित्रालाही घेऊन आला. कपाटाच्या दाराचा काळा रंग अजून तसाच आहे.